गॅसपेक्षा एक बोट उंच

माझं घरभाडं महिन्याला दोन टाक्या होतं. गॅसच्या टाक्या. आता तुम्ही डोळे मोठे कराल, पण खरंच सांगते. मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून मी मानोऱ्याहून आले, माडीवरची एक खोली पाहिली, खिडकीतून दर्ग्याचा घुमट दिसत होता, नळाला पाणी होतं, झालं, जीव भुलला. भाडं विचारलं तर घरमालक म्हणाले, दोन टाक्या. म्हणजे त्या महिन्यात घरगुती सिलिंडरचा जो भाव असेल त्याच्या दुप्पट. मी म्हटलं, अहो, सरळ आकडा सांगा ना. तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच काहीतरी अचाट बोलले. आकड्याचा काय भरवसा, म्हणाले, आजचा आकडा उद्या कोणी विचारत नाही. टाकी मात्र पंधरा वर्षांपूर्वी जेवढी जायची तेवढीच आजही जाते.

त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, म्हणून मीही आबा म्हणू लागले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. अंगानं काटकुळे, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी.

पहिले काही महिने मला वाटलं, म्हातारा पक्का दिसतो. गॅस वाढला की याचं भाडं आपोआप वाढणार आणि आपण तोंड उघडायचं नाही. पण मी राहायला आल्यानंतरची पहिली भाववाढ झाली, त्या दिवशी खाली उतरले तर आबा ओसरीत कपाळाला हात लावून बसलेले. जेवले नव्हते. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे आजी म्हणायचो, ती म्हणाली की सकाळपासून हे असंच चाललंय, कोणी घरातलं गेल्यासारखं. मी आपली समजूत घालायला गेले, आबा, तुमचा तर फायदाच झाला की, माझं भाडं वाढलं. तर ते इतके दुखावले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि भाव उतरला की हाच माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर यायचा, आदल्या दिवशी दिलेल्या भाड्यातले जास्तीचे पैसे माझ्या हातात कोंबायचा आणि फक्त नाचायचं तेवढं बाकी ठेवायचा. स्वतःच्या नुकसानीचा इतका आनंद झालेला घरमालक मी आधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही.

या सगळ्याचं मूळ ओसरीच्या भिंतीत होतं. आबांचा मुलगा आणि सून पुण्याला कंपनीत, त्यामुळे नात रेणू लहानपणापासून आबा-आजींकडे. ती नुकती पायावर उभी राहायला लागली तेव्हा आबांनी तिला भिंतीला टेकवून डोक्यापाशी निळ्या पेन्सिलीनं रेघ मारली. सगळेच आजोबा मारतात. पण नेमकं त्याच दिवशी गॅस वाढल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं आणि आबांचं डोकं फिरलं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि नातीच्या रेघेशेजारी, अगदी त्याच उंचीवर, गॅसची रेघ मारली. ‘‘दोघंबी आज इथं हायत. पाहू आता कोन लवकर वाढते.’’ हे वाक्य आजी मला त्यांच्या आवाजात करून दाखवायची.

तेव्हापासून शर्यत सुरू. ठरावीक रुपये वाढले की लाल रेघ एक बोट वर. बोट म्हणजे आबांचं स्वतःचं आडवं बोट, डेपोतलं ग्रीस खाऊन जाडजूड झालेलं. रेणू शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या टेलरकडून टेप आणली आणि जमिनीपासून पार आपल्या डोक्याच्या वरपर्यंत भिंतीवर ऑइलपेंटनं सेंटिमीटरची पट्टीच रंगवली. डाव्या बाजूला गॅस, उजव्या बाजूला पोरगी, मध्ये पट्टी. गल्लीतल्या सगळ्या बायका रेणूच्या बाजूनं होत्या. गॅसच्या बाजूनं कोणीच नव्हतं, तरी बहुतेक वेळा पुढे तोच असायचा. आबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की मोठेपणी ज्या दिवशी पोरगी गॅसच्या वर जाईल त्या दिवशी गल्लीला रोडग्यांचं जेवण. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, तूप. त्यात गॅसचा एक थेंबही खर्च होत नाही, हा त्यातला खरा मुद्दा.

त्या भिंतीवर आणखीही पात्रं होती. सबसिडी बँकेत जमा व्हायची त्या काळात लाल रेघेखाली एक तुटक रेघ चालायची. पुढे ती हळूहळू वरच्या रेघेला मिळून दिसेनाशी झाली. घासलेटची काळी रेघ रेशनवर घासलेट मिळेनासं झालं तेव्हा थांबली. तिच्या टोकाला आबांनी खिळा ठोकला होता आणि दर दिवाळीला ते त्या खिळ्याला झेंडूचं फूल लावायचे. विजेला मात्र त्यांनी कोळशानं आकडे लिहायला वेगळी भिंत दिली होती, कारण ती एका रेघेत मावायचीच नाही. बिल आलं की आबा चष्मा लावून, मांडी घालून ते मोठ्यानं वाचायचे: स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. आवाज असा लावायचे की शेजारची म्हातारी एकदा आतून हात जोडत बाहेर आली आणि प्रसाद कधी आहे म्हणून विचारून गेली.

आणि सवयी! कुठल्या घरातून कुकरची शिट्टी आली की आबांचे कान टवकारायचे. डाळ भिजवलेली आहे की नाही हे त्यांना शिट्ट्यांवरून कळायचं असं त्यांचं म्हणणं होतं. चौथी शिट्टी झाली की ओसरीतून त्या घरच्या सुनेला हाक जायची की पोरी, आता ते वरण नाई, नुसती वाफ शिजून राह्यली. नव्या सुना आधी रडकुंडीला यायच्या, मग सरावायच्या, मग आबांना चिडवायला मुद्दाम एक शिट्टी जास्त द्यायच्या. माझ्याही दारावर महिन्यातून चार-पाच वेळा टकटक व्हायची. दार उघडलं की आबा काही लांबण लावायचे नाहीत. ‘‘मॅडम, झाकन.’’ एवढं बोलून खाली. माडीवर माझ्या पातेल्यावर झाकण आहे की नाही हे त्यांना खालच्या ओसरीत बसून कसं कळायचं, देव जाणे. मी विज्ञान शिकवते, पण याचा उलगडा मला कधी झाला नाही.

पहिली तारीख म्हणजे तर आमच्या गल्लीत सणच. भाव जाहीर झाला की आबांच्या घरून प्रत्येक घरी वाटी जायची. वाढला असेल तर कारल्याची भाजी. उतरला असेल तर शिरा. जैसे थे असेल तर मुरमुऱ्यांचा चिवडा. बातम्या ऐकायची गरजच नव्हती, वाटीवरचं ताट बाजूला केलं की भाव कळायचा. एकदा सलग तीन महिने कारलं आलं, तेव्हा समोरच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीनं जेवायला नकार दिला आणि सरकार कुठे राहतं ते विचारलं.

आता असल्या माणसाला तुम्ही गमतीशीर म्हणाल, पण रेघेच्या बाबतीत त्यांच्याइतका कठोर माणूस शोधून सापडला नसता. रेणू पाचवी-सहावीत असताना तिच्या वाढदिवसाला मोजणी झाली आणि गॅस तिच्यापेक्षा जेमतेम नखभर वर निघाला. पोरगी ओठ बाहेर काढून रडायला लागली. चार बायका जमल्या होत्या, सगळ्यांनी आबांना गळ घातली की नखभरच तर आहे, वाढदिवस आहे, द्या सरकवून. ऐकतील तर शप्पथ. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, बाजारातून रेवड्या आणून दिल्या, स्वतःही तिच्याबरोबर रडले, पण रेघ जागची हलली नाही. आज इथं खोटं लिहिलं तर उद्या गॅसच्या रेघेवर कोण भरवसा ठेवेल, हा त्यांचा सवाल. हे मला आजीनंच सांगितलं आणि सांगताना ती अजून चिडलेली होती.

आजीची चीड एवढ्यावरच नव्हती. तिचं मोठं दुखणं म्हणजे ओसरीची फरशी. मी यायच्या थोडं आधी जुनी जमीन उखडून फरशी बसवायचं ठरलं, आबांनी मजुरी वाचवायला दोन दिवस खपून स्वतःच सगळी ओसरी खणून काढली, आणि फरशी आणायच्या दिवशी गॅसनं उसळी मारली. आबा तडक दुकानात जाऊन फरशी नको म्हणून सांगून आले. टाकी या रेघेच्या खाली आल्याशिवाय फरशी नाही, अशी आण घेतली. टाकी काही त्या रेघेखाली आली नाही. खणलेल्या जमिनीवरच आजी शेणानं सारवायला लागली आणि वर्षं गेली. उंबरठा उंच आणि ओसरी खोल, त्यामुळे तिथे पाय ठेवणारा प्रत्येक जण एकदा तरी तोंडघशी पडता पडता वाचायचा. मी पहिल्याच दिवशी आपटले होते. पाहुणे आले की आजी आतून आधी ‘या’ म्हणायची नाही, ‘पाय पाहून’ म्हणायची.

मी आले त्या वर्षी रेणू आमच्याच शाळेत नववीत. त्या वर्षीच्या मोजणीला भलताच प्रकार झाला. पोरगी वाढायची सोडून मागच्या वर्षीपेक्षा खाली भरली! आबांनी तीनदा मोजली. मग त्यांचा संशय दप्तरावर गेला. एवढी पुस्तकं पाठीवर वाहून पोर दबली, असं ठरलं, आणि शाळेत येऊन त्यांनी हेडसरांशी भांडण काढलं. मीही त्यात पडले. पाठीच्या कण्यावर, वाकून बसण्यावर, कॅल्शियमवर मी रेणूला अर्धा तास व्याख्यान दिलं. आकृती काढून दिलं. तिनं ते निमूट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत यायला लागली.

रेणू बोलायला कमी आणि पळायला जास्त. पहाटे कारंजा रोडनं पळून यायची, आल्यावर अंगणात दोरीवरच्या उड्या. बारावी झाली आणि तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. आबांनी लगेच नियम विचारला. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर. त्यांनी पट्टीवर एकशे पंचावन्नच्या जागी हिरवी रेघ ओढली आणि पोरीला उभं केलं. हिरव्या रेघेला दोन बोटं कमी. गॅसची लाल रेघ हिरवीच्या एक बोट खाली होती, म्हणजे तिथेही पोरगी एक बोट कमीच. गॅस आणि पोलीस दोघंही तिच्या डोक्यावर जाऊन बसलेले.

त्यानंतरचे महिने गल्लीनं रेणूला वाढवण्यात घालवले. कोणी नाचणीचं सत्त्व आणलं, कोणी तिळाचे लाडू. आबांनी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला लोखंडी दांडा बांधला आणि पोरगी त्याला सकाळ-संध्याकाळ लोंबकळायची. आबा खाली उभे राहून पाय हलके ओढायचे आणि आजी आतून ओरडायची की तिचे पाय काय तुमच्या एसटीचे नटबोल्ट हायत काय. गल्लीतल्या पोरींनीही लोंबकळायला सुरुवात केली, शेवटी फांदीच मोडली. इतकं सगळं करून रेणू भिंतीशी उभी राहायची आणि निळी रेघ जिथल्या तिथे. दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

टेप घेऊन दुसरीकडे मोजावी, एवढं साधं कोणाला सुचलं नाही का, असं तुम्ही विचाराल. मला सुचलं होतं. पण रेणूनं सपशेल नकार दिला. घरची भिंत कमी सांगते, आता बाहेर कशाला बेइज्जती, म्हणून ती शाळेच्या उंची-वजनाच्या काट्यापाशीसुद्धा फिरकेना. मैदानी चाचणीची तारीख जवळ आली. आबांनी शेवटची मोजणी केली, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले की जाऊन काय उपयोग, गाडीभाडं आणि मनस्ताप दोन्ही फुकट. त्यांनाच सर्वांत जास्त हवं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. रेणूनं बुटाच्या नाड्या बांधता बांधता खाली मान घालून उत्तर दिलं.

‘‘नापासच व्हाचं असन तं तिथं जाऊन होईन, आबा. भित्तीपाशी नाई.’’

मी तिच्याबरोबर वाशिमला गेले. आबा आले नाहीत. पहाटेची बस, पोरीच्या पिशवीत आजीनं बांधून दिलेली भाकर आणि तिळाचे लाडू. मैदानाच्या फाटकाबाहेर माझ्यासारखे शंभरेक नातेवाईक उभे. मी एवढी फटकळ बाई, वर्गात चाळीस पोरं गप्प करते, पण त्या दिवशी नुसत्या फाटकाच्या सळ्या मोजत उभी होते. उंची मोजून नापास झालेल्या पोरी आधी बाहेर येतात, असं शेजारच्या एका बाईनं सांगितलं. एकेक पोरगी बाहेर येत होती, ओढणीत तोंड लपवून. रेणू काही येईना. तास गेला, दोन तास गेले. आणि मग ती आली ती पळतच, छातीवर नंबरचा बिल्ला, केस विस्कटलेले, आणि माझ्या गळ्यात अशी पडली की माझा चष्मा खाली पडला आणि मी त्यावर पाय दिला. उंचीत पास, एकशे पंचावन्नच्या वर चांगली बोटभर. पळण्यातही पहिल्या रांगेत. मी फुटका चष्मा घालून मंगरूळपीरपर्यंत हसत आले, आणि कंडक्टरला काय वाटलं असेल ते असो.

घरी आलो तर गल्ली आधीच जमलेली. फोन गेला होता. आजीनं पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि आबा? आबा ओसरीत उभे, चेहरा पांढराफटक, अंगात ठेवणीतला सदरा, हातात पिशवी आणि पिशवीत टेलरची टेप. मला वाटलं देवाला निघाले. तर ते वाशिमला निघाले होते, शेवटची बस पकडून. कशाला? तर पोलिसांना सांगायला की तुमचं माप चुकलं.

मी आयुष्यात खूप माणसं पाहिली, पण नातीची नोकरी लागायच्या आत स्वतः जाऊन मोडू पाहणारा आजोबा एवढाच. मी ओरडले, शेजारचे ओरडले. आबांनी ऐकून घेतलं आणि मग बोलले ते आमच्याशी नाही, रेणूशी.

‘‘भित्त खोटं बोलत नाई, बेटा. त्यायची मशीन बिघडली असन. आज घेऊन घेतीन तुले, अन् उद्या कोनी पुन्हा मोजलं तं? चोर म्हनतीन तुले. चार मानसांत पट्टा काढून घेतीन. ते मले पाहवनार नाई.’’

ही त्यांची गंमत नव्हती, खरीखुरी भीती होती. रेणू मघापासून बिल्ला कुरवाळत होती. तिनं तो छातीवरून काढला.

‘‘आबा, तुमाले मी खरी वाटतो का भित्त?’’

आबांचे डोळे भरले. एकदा पोरीकडे, एकदा रेघांकडे पाहिलं, आणि पिशवी सावरून दाराकडे वळले. आणि वळले ते त्या उंबरठ्याला ठेचकाळले. नेहमीसारखेच. पिशवी उडाली, टेप घरंगळत आत गेली, आबांनी दोन्ही हातांनी चौकट धरली म्हणून बचावले.

आजीच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं. इतकी वर्षं त्या उंबरठ्यावर तिनं किती डबे, किती हंडे, किती पाहुणे सांडलेले पाहिले होते. ती आली ती सरळ आबांसमोर उभी राहिली.

‘‘आता समजलं मले. पट्टी काहाडली तवा जमीन वर होती. मंग तुमी वसरी खनली. अन् पोरीले खड्ड्यात उभी करून मोजता!’’

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग मला कळलं, आणि मला घामच फुटला. आठ वर्षं मी पोरांना शिकवत होते की मोजपट्टीचा शून्य आधी पाहा. आणि मीच त्या पोरीला पाठीच्या कण्याची आकृती काढून दिली होती.

आबा खाली बसले. त्यांनी उंबरठ्यापाशी, जिथे जुन्या जमिनीची कड भिंतीला चिकटून अजून दिसत होती, तिथे बोटं लावली. एक, दोन, तीन. पट्टीचा शून्य जमिनीपासून तीन बोटं वर, हवेत लोंबकळत होता. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मला वाटलं रडताहेत. रडत होतेच, पण त्यातून हसू असं फुटलं की त्यांना ठसका लागला. रेणू पाणी आणायला पळाली, तीही अडखळली, आणि मग सगळी गल्ली जी हसायला लागली ती थांबेचना. समोरच्या घरातली सून हसता हसता भिंतीला टेकली तर तिच्या पाठीवर अख्खी विजेची भिंत उमटली.

सावरल्यावर आबांचं डोकं चालायला लागलं. त्यांनी निळी पेन्सिल काढली. पोरीच्या नववीपासूनच्या सगळ्या रेघा तीन-तीन बोटं वर सरकवायच्या. सरकवता सरकवता त्यांचा हात थांबला. कारण हिशेब असा निघाला की पोरगी गॅसच्या वर जाऊन दोन वर्षं झाली होती. मध्ये गॅस एकदा तिच्या पुढे गेला होता, मग तिनं पुन्हा गाठला होता, आणि आज ती त्याच्या चांगली वर होती. शर्यत केव्हाच जिंकली होती आणि आम्ही तिला लोंबकळवत बसलो होतो. ‘‘म्हंजे रोडगे दोनदा लागले,’’ शेजारची म्हातारी लगेच म्हणाली. तिला इतर काही ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं.

रोडगे दोनदा झाले. एकदा लगेचच्या रविवारी आणि एकदा रेणूचं निवड यादीत नाव लागलं तेव्हा. गोवऱ्यांचा धूर असा की दर्ग्यापर्यंत खबर गेली. पहिल्या जेवणाच्या आदल्या दिवशी आबांनी स्वतःची आण मोडून फरशी आणली. टाकी अजून त्या रेघेखाली आलेली नव्हती. आजीनं कारण विचारलं नाही, पण फरशी बसली त्या दिवशी तिनं ओसरीतून उंबरठ्यावर आणि उंबरठ्यावरून ओसरीत उगाच पाच-सहा फेऱ्या मारल्या. फरशी बरोबर जुन्या जमिनीच्या कडेला मिळवून बसवली होती, पट्टीचा शून्य तिच्यावर अचूक टेकला होता.

पुढे माझी बदली झाली. आता मी भाडं रुपयांत देते आणि ते दर वर्षी वाढतं, आणि वाढलं म्हणून माझ्यासाठी कोणी उपाशी राहत नाही. पातेल्यावर झाकण ठेवायची सवय मात्र लागली ती लागली.

गेल्या दिवाळीनंतर अनसिंगला एका लग्नाला आले होते, तशीच मंगरूळपीरला गेले. पहिल्या तारखेचं कारलं नुकतंच वाटून झालं असावं, गल्लीत वास होता. आबा थकलेत, पण ओसरीत बसून शिट्ट्या मोजणं चालू आहे. मला पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न, टाकी किती दिवस जाते? मी भिंतीकडे पाहिलं. लाल रेघ पुन्हा वर चढली होती. रेणूचं वाढायचं वय संपलेलं, गॅसचं काही संपत नाही. ती जिथे थांबली त्याच्या बोटभर वर गॅस जाऊन बसला होता. मला आपलं वाईट वाटलं.

पण त्या लाल रेघेच्याही वर, दिमाखात, एक नवी कोरी निळी रेघ होती. मी जवळ जाऊन पाहिलं. फरशी तीच, शून्य तोच.

‘‘आबा, एवढी कशी वाढली रेणू या वयात?’’

आबांनी आधी आत पाहिलं, आजी चुलीपाशी होती. मग बाहेर पाहिलं, गल्लीत कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे झुकून, हळूच सांगितलं.

‘‘सुट्टीवर आली तवा वर्दीत होती, मॅडम. टोपीसकट मोजली.’’

रेवड्यांवर भागवणाऱ्या, पण नखभर रेघ न सरकवणाऱ्या त्या माणसाकडे मी पाहतच राहिले. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, सदरा नीट केला आणि घाईघाईनं पुढे म्हणाले,

‘‘बूट मातर काहाडून ठेवाले लावले. खोटं आपल्याले जमत नाई.’’